पालकाच्या अंगावर रजई

गृहस्वामिनीस दूरस्थ पतीचा सादर, जरा भीत भीत नमस्कार.

इकडे सर्व कुशल. फक्त आज रात्री दव गोठणार आहे.

आमचा सेंद्रिय पालक प्लास्टिकच्या मांडवात आहे. तो तगला, तर मालक हिवाळाभर भाजी पिकवणार. गेला, तर आम्हाला घरी धाडणार.

मांडवाचं दार ऊन असतानाच लावायचं, म्हणजे ऊब आत राहते. मी संध्येची शोभा पाहत बसलो आणि अंधारल्यावर लावलं. मुकादम ओरडला, “पंडित, थंडीच कोंडलीत की आत!”

तू दिलेली रजई वापरतो का, विचारलंस. होय, पालकावर पांघरली आहे.

धाकटीचा खोकला गेला का? अक्षर हललेलं दिसलं, तर टेबलाचा पाय डुगडुगतो असं समज.

तुझाच,
स्वेटरावर स्वेटर चढवलेला