परमिट आईच्या नावाचं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. चमच्याचा पेला नेमका कधी झाला?

सुरुवात मला चांगली आठवते. गुजरातेत दारूबंदी, म्हणून बाबांना दारूचं परमिट हवं होतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातल्या त्यांच्या साहेबाकडे ते होतं, आणि डॉक्टरने प्रकृतीसाठी लिहून दिलं की सरकारी मंजुरीने बाटली मिळते, हे बाबांना त्याच्याकडूनच कळलेलं. तपासणीला ते तुला सोबत घेऊन गेले. रक्तदाब, साखर, छाती, सगळं उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, "तमने तो कशुं नथी, भाई. घोडा जेवा छो." तब्येत ठणठणीत आहे हे ऐकून इतका हिरमुसलेला माणूस त्या दवाखान्याने पाहिला नसेल. तू मात्र त्यांना धीर द्यावा म्हणून सहज बोललीस, की यांना रात्री गाढ झोप लागते, मीच टक्क जागी असते, वर गुडघे दुखतात. डॉक्टरांनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो बहेन, अरजी तमे करो ने." घरी येईपर्यंत बाबांनी तुला तीनदा विचारलं, गुडघे फार दुखतात का गं? लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण तुझ्या गुडघ्यांची एवढी चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली.

अशी तू आमच्या घरातली अधिकृत पिणारी झालीस. हॉटेलातल्या परमिटच्या दुकानात सहीला तुलाच जावं लागायचं. पहिल्या खेपेला मी बरोबर होते. बांगड्या, मोठं कुंकू, हातात भाजीची पिशवी. रांगेतले पुरुष भिंतीवरच्या पाटीकडे बघत उभे, आणि तू काउंटरवरच्या माणसाला विचारतेस, "यातलं ताजं कुठलं?" तो बिचारा हसू दाबत म्हणाला, "आमां ताजुं ना होय, बेन. जेटलुं जूनुं एटलुं सारुं." तुला ते काही पटलं नाही. बाटली उलटसुलट करून तू बूच तपासलंस आणि ती मेथीच्या जुडीखाली झाकून आणलीस. कायद्याने घेतलेली वस्तू लपवून का आणायची, असं मी विचारलं, तर म्हणालीस, कायद्याला माहीत आहे, वाडीला कशाला माहीत हवं?

वाडीतल्या आपल्या माडीवरचं स्वयंपाकघर म्हणजे त्यानंतर बारच झाला. दर शनिवारी दिवेलागणीला समोरचे काका मराठी वर्तमानपत्र वाचायला यायचे. ते पक्के गुजराती, मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पेपर काखेत धरून जिना चढायचे. वास बाहेर जाऊ नये म्हणून तू हिंग-मिरचीची सणसणीत फोडणी करायचीस, पातेल्यात घालायला काही नसलं तरी. सगळी गल्ली खोकायची आणि सगळ्या गल्लीला कळायचं, आज शनिवार. नियमात मात्र तू चुकायची नाहीस. परमिट माझ्या नावाचं, ते खोटं पडायला नको, असं म्हणत औषधाच्या चमच्याने पहिला घोट तूच घ्यायचीस, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. मगच बाबांचा पेला भरायचा. बाबा पितात हा खरा गुन्हा, तो तुझ्या त्या चमच्याने कसा धुतला जायचा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता तर मुळीच कळत नाही.

बावीस वर्षांची असताना मी मैत्रिणीच्या गच्चीवर कोल्ड्रिंकच्या बाटलीतून जे काही प्यायले, त्याचा वास तुला दारातच लागला. तू ओरडली नाहीस. "परमिट आहे तुझ्याकडे?" एवढंच म्हणालीस आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. त्या चार दिवसांत मी सरळ झाले. इतकी सरळ, की पुढे नवऱ्याच्या मित्रांनाही मी घरात बाटली उघडू दिली नाही.

बाबा गेल्यावर काकांचं येणं थांबलं. पण तू परमिट दर वेळी वाढवून घेत राहिलीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "औषध आहे माझं." मला वाटायचं, बाबांची आठवण म्हणून घेत असशील आणि बाटल्या कपाटात पडत असतील.

मग ती दुपार. मी न कळवता सुभानपुऱ्याच्या सासरहून आले आहे, हातात पातऱ्याचा, म्हणजे अळूवड्यांचा, पुडा. जिन्यातच तुझं हसू ऐकू येतं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं. आत तू आणि समोरच्या काकी, कांदा-लसूणही न खाणाऱ्या काकी, फरशीवर पाय पसरून बसलेल्या. मध्ये खाकऱ्यांचा डबा, हातात स्टीलचे पेले. तुला इतकी सैल बसलेली मी कधी पाहिली नव्हती. लेकीलाही कधी बोलवा, असं काकी सुचवतात, "दीकरीने कोई वार बोलावो ने." आणि तू तुझ्या मराठी वळणाच्या गुजरातीत म्हणतेस, "ना रे, ए तो बहु कडक. ए आवे त्यारे मारे सरखा बेसवुं पडे."

मी आले की तुला नीट बसावं लागतं. मला तर तुझ्यामुळे नीट बसावं लागायचं, आई.

मी पाय न वाजवता खाली उतरले. अर्धा तास गल्लीत फिरले आणि परत येऊन खालूनच मोठ्याने हाक मारली. तू चहा केलास. तोंडात बडीशेप होती. पातरा छान आहे म्हणालीस.

तुमचा बेत मोडू नये म्हणून मी उतरले, असं इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आले. ते खरं नाही. मला राग आला होता. ज्या काकींना तू बोलावलंस, त्यांच्या शेजारी मला जागा का नाही, याचा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून पुढचंही लिहून टाकते. तू मला बोलावलं असतंस, तर मी दारातच उभी राहून म्हणाले असते, "आई, या वयात?"