शंभराच्या खाली जायचं नाही

२ जानेवारी १९८५, बुधवार
घाटकोपर स्टेशनजवळच्या बँकेत चेकबुकवालं खातं उघडलं. नियम एकच. खात्यात कायम शंभर रुपये हवेत, खाली गेलं की पाच रुपये कापतात. माझे कापून दाखवावेत. प्रेमा म्हणते, माझा पोह्यांचा डबा काही कापत नाही. बायकोला बँकिंग समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
संकल्प: मे महिन्यात भाचीचं, मीराचं लग्न. मामाचा आहेर ५०१, तोही चेकने. आक्काने खानावळ चालवून मला मॅट्रिक केलं. मांडवात तिची मान वर झाली पाहिजे.

८ फेब्रुवारी
शिल्लक सत्त्याण्णव झाली म्हणून पाच कापले. तीन कमी तर पाच कापायचे, हा कुठला न्याय? बिनपगारी अर्धी रजा टाकून भांडून आलो. साहेब म्हणाले, पाचासाठी अठरा घालवलेस. त्यांना तत्त्व कळत नाही.

१६ मार्च, शनिवार, दुपारी
बँक बारापर्यंतच. शंभर राखायला रिक्षाने गेलो. रिक्षा सहा रुपये. पण पाच वाचले.
रांगेत उभ्या उभ्या नवी सही बसवली. खाली दोन रेघा आणि टिंब. जुनी अगदी शाळकरी होती. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, फॉर्मवर आहे तशीच करत जा. होईल त्यांना सवय.

३० एप्रिल
शिल्लक ६०५. आहेर गेला की १०४. चार रुपये वरच! दत्ताराम, मानलं तुला.

१२ मे, रविवार
मुलुंडला लग्न झकास झालं. जावयाच्या, मार्तंडरावांच्या नावे चेक. सही मुद्दाम वरपक्षासमोर केली. आहेराच्या वहीत चढलं, 'मामा, ५०१, चेक'. चेक हातोहात फिरला. आक्काचे डोळे भरले. माझेही.

२४ मे
वाट लागली. चेक परत. सही जुळत नाही म्हणे. माझे दहा कापले, मार्तंडरावांचेही दहा. शिल्लक ५९५. आता ५०१ काढले तर उरतात ९४, म्हणजे पुन्हा पाच जाणार. त्यापेक्षा पगारापर्यंत थांबावं. आठ दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?

२८ मे
आक्का येऊन गेली. सासरी मीराला ऐकवतात, तुझ्या मामाने नुसता कागद दिला. आक्का मात्र मला एक शब्द टोचून बोलली नाही. एवढंच म्हणाली, पैसे नव्हते तर तसोच इलो असतस तरी चाललां असतां. पैसे आहेत गं, सही चुकली, असं तीनदा सांगितलं. ती हो हो म्हणत राहिली.
गेल्यावर कपाखाली पन्नासची नोट सापडली. मला जेवण गेलं नाही.

२ जून, रविवार
प्रेमा काल मला न सांगता मुलुंडला जाऊन आली. आहेराचे ५०१, मार्तंडरावांचे दहा, आक्काचे पन्नास. सगळे रोख, सगळे पोह्यांच्या डब्यातले. आक्काने वहीत 'मामा, चेक' खोडून 'मामी, रोख' लिहिलं.
मी म्हटलं, तुझे पैसे परत देतो, चेक लिहू का? तिने नुसता हात पुढे केला.
पासबुक आणि चेकबुक आता डब्यात आहेत. पोह्यांच्या खाली.