कप आला, बशी नाही

प्रिय प्रतिभा,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे थंडीत कुरकुरतात का? ललितचं पित्त, सूनबाई मनीषाची पाठ कशी आहे? ओमचा खोकला गेला का? आणि शेजारच्या ओदीलबाई? त्या बऱ्याच असतील. विचारायचं म्हणून विचारलं.

उन्हाळ्यापुरती म्हणून फ्रान्सला लेकाकडे गेलीस, इकडे द्राक्षं बाजारात आली. तुझ्या पत्रांत हल्ली तीच बाई. तिच्याबरोबर कप रंगवतेस, तिच्याबरोबर बाजारात जातेस. तिनं भाकरी थापली म्हणतेस. गोल आली का ते लिहिलं नाहीस, म्हणजे नसेलच आली.

मला राहवेना. नात पायलला मोबाइलवर तुमच्या त्या लिमोज गावाची सगळी कुंडली काढायला लावली. खोट सापडलीच. फ्रान्सवाल्यांना आधी चिनीमातीची भांडी जमतच नव्हती. पांढरी माती मिळेना, मग काचेची भुकटी नि काय काय कालवून नक्कल करायचे, अन् भट्टीत भांडी वाकडी व्हायची. ऐकून माझ्या जिवाला थंडावा. पण पुढं लिमोजजवळ एका डॉक्टरच्या बायकोला पांढरी माती दिसली. तिला वाटलं, धुणं धुवायला बरी. त्या मातीवर अख्खं गाव मोठं झालं म्हणे. मेली, ती बाई मला आवडून गेली. सातपूरच्या कारखान्यात आपण विजेच्या खांबांचे चिनीमातीचे इन्सुलेटर करायचो, तेव्हा हीच माती, गारगोटीची भुकटी अंगभर असायची. आपल्या साड्यांवरून ती निघता निघत नव्हती आणि ही बाई त्याच मातीनं कपडे धुणार होती.

चहाच्या सुट्टीत एक चहा दोघींत. कप तुझा, बशी माझी. माझं फुंकून होईपर्यंत तू थांबायचीस.

परवा तिकडून आलेला ललितचा मित्र नवनाथ तू रंगवलेला कप देऊन गेला. उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसली, इतका नाजूक. बशी कुठंय विचारलं, तर म्हणाला, “बशी ओदीलबाईंकडं आहे, मावशी. दोघी रोज सोबत चहा घेतात. काकू आता तिकडंच राहायचं म्हणतायत.” मी त्याला पोहे खाऊ घातले, हसून निरोप दिला आणि कप फडताळात मागं सारला.

म्हणून हे पत्र. खरं काय ते तुझ्या हातचं वाचायचंय. लेकाजवळ राहणार असशील तर मी कोण अडवणार? पण मग बशी तेवढी माझ्याकडे पाठव, तिला दुसरी रंगवून दे. आणि येणार असशील तर तूच घेऊन ये. उत्तर लवकर टाक, तोवर मी पेल्यातच चहा पिते.

तुझीच,
गोजरा