अग्रलेखाची चटणी

अण्णा, तुमच्या शेवटच्या अंकाची शिळा मी पाटा म्हणून वापरते. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते आहे, आणि सांगताना बरं वाटतं आहे.

ठाण्यातलं पहिलं वर्तमानपत्र तुम्ही काढलंत, ते कुणी नाकारत नाही. पडवीतला तो शिळाछापाचा छापखाना, तेलकट शाईचा वास, कल्याणच्या वर्गणीदारांसाठी बांधून ठेवलेले गठ्ठे, सगळं आठवतं. शिळेवर अक्षरं उलटी असायची, कागदावर सुलट उमटायची. तुम्ही शिळेवर वाकून तो उलटा मजकूर मोठ्याने घडाघडा वाचायचात, चुका काढायचात. शेजारी मी पाण्याची कळशी घेऊन उभी. अंक छापून झाला की खाडीची वाळू टाकून शिळा घासायची, कोरी करायची, की पुढचा अंक तिच्यावरच. ते काम माझं. उलट्या अक्षरांतून पोरीला काय कळणार, म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. पण तुमचा आवाज आणि शिळेवरचं अक्षर माझ्या मनात हळूहळू जुळत गेलं.

मग गावात मुलींची शाळा निघाली. तिच्यासाठी तुम्ही अंकामागून अंक लेखणी झिजवलीत. उद्घाटनाची ती सकाळ. आई भाकरी थापते आहे, तुम्ही आरशात पगडी नीट करता आहात. मी म्हणते, "अण्णा, मीही येऊ शाळेत?" तुम्ही हसता. "तू शाळेत गेलीस तर शिळा कोण घासेल?" आईने मान वर केली नाही. दुपारी मी शिळेवरून 'स्त्रीशिक्षण' घासून काढलं. तो शब्द मला वाचता येत होता, अण्णा. तुम्हाला ते कधीच कळलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा शेवटची शिळा घासायची राहिली होती. मी वडारणीला बोलावून त्या शिळेला टाकी लावून घेतली, पाट्यासारखी खरखरीत करून घेतली. ती म्हणाली, "बाई, दगुड लई नरम हाय, चटणीत रेव येल." म्हटलं, येऊ दे.

परवा वाचनालयाची मंडळी आली. तुमची शेवटची शिळा त्यांना दर्शनी भागात ठेवायची होती, तिच्यावर स्त्रीशिक्षणाचा अग्रलेख आहे म्हणून. मी म्हटलं, आधी फराळ करा. थालीपीठ वाढलं, चटणी वाढली. त्यांच्यातले कल्याणचे वकील घास चावता चावता थांबले. "ताई, चटणीत कचकच लागतेय."

"तोच अग्रलेख," मी दाराआडून म्हणाले. "मी जन्मभर गिळला, तुम्ही एक घास गिळा."

वकिलांनी तो घास पाण्याबरोबर गिळला. माझा जीव थंड झाला, खोटं कशाला सांगू.

आता एवढंच राहिलं. सुलट लिहायला मी शिकलेच नाही. हे सगळं पत्र उलट्या अक्षरांत आहे. घरात कुणाला दाखवलं तर ते आरसा शोधतील. तसंच वाचू शकेल असा माणूस मला तुमच्याशिवाय कुणी भेटला नाही.