भाऊजी, काच मी कापली

प्रिय भाऊजी, अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही मधेच "बरं ऐका वहिनी" म्हणता आणि मग मीच ऐकत बसते, म्हणून लिहायला घेतलं. तुमच्या कंबरेचं काय म्हणणं आहे? जाऊबाईंचा कोट सैल करून ठेवला आहे (त्या म्हणाल्या कापड आटलं, मी हो म्हटलं).

आता मोटरसायकलचं. रविवारी तुम्ही ती न्यायला येणार. तुमचे दादा गेले त्या महिन्यात मीच म्हटलं होतं, घेऊन जा, मला ती दारात बघवत नाही. तेव्हा ते खरंच होतं. पुढे चौदा महिने तुम्हाला सवड झाली नाही आणि मला ती बघवायला लागली, त्याला कोण काय करणार! त्यातच पुलापलीकडच्या गणवेशाच्या कारखान्याकडे जाणारी बस बंद झाली. कापडाचे गठ्ठे घेऊन एवढं चालणं या वयात होईना, आणि ते काम सोडलं तर नुसत्या बटणं लावण्यावर दुकान चालत नाही. शेवटी शेजारच्या सुतारकाकांनी त्यांच्या लाकडाच्या वखारीत मला गाडी शिकवली. दोनदा पडले. एकदा गाडीवरून, आणि एकदा गाडी नुसती धरून उभी असताना. दुसऱ्या पडण्याबद्दल त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही, माणूस भला आहे.

अडचण एकच उरली, पुढच्या काचेची. (काच म्हणायची, आहे प्लास्टिक.) ती तुमच्या दादांच्या मापाची. त्यांची नजर काचेवरून जायची, माझ्या मात्र बरोबर डोळ्यांसमोर तिची कड. अर्धा रस्ता काचेतून, अर्धा वरून. समोरून येणारा सायकलवाला कमरेत तुटलेला दिसायचा, वरचा अर्धा डावीकडे, खालचा उजवीकडे, आणि मी दोघांनाही वाट द्यायला बघायचे. म्हटलं, तीस वर्षं लोकांचे कपडे त्यांच्या उंचीला कापते आहे, एका काचेचं ते काय!

गाडीवर ताठ बसून टेपने माप घेतलं, काच काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवली, चिकटपट्टी लावून खडूने रेघ मारली आणि सुतारकाकांचं करवतीचं मशीन मागून आणलं. हळू चालवा, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. मशीन सुरू केलं मात्र, ते जे उधळलं! वेग कमी करायला मी पाय उचलला. वेग तसाच. दुसराही उचलला. या मशीनचा वेग हाताच्या बोटावर असतो हे माझ्या पायांना कोण सांगणार, त्यांनी जन्मभर शिलाई मशीनच चालवलेलं. रेघेच्या शेवटाला पोचले तेव्हा दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते आणि काच अखंड होती. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं, पण प्लास्टिक इतकं तापलं की पात्याच्या मागे वितळून पुन्हा चिकटलं. मी पुढे कापत होते आणि ते मागे सांधत होतं. असा कारागीर दुकानात मिळाला असता तर मी खुशाल झोपा काढल्या असत्या.

दुसऱ्यांदा हळू कापलं. तुकडा सुटला, कड घासून गुळगुळीत केली, काच बसवली, ऐटीत गाडीवर बसले. कड पुन्हा डोळ्यांसमोर! टेप घेऊन रेघ तपासली आणि मटकन खाली बसले. सवयीने मी दुमडीसाठी एक इंच जास्त सोडला होता. प्लास्टिकला दुमड घालायला, भाऊजी! इतकी हसले की सुतारकाका रंधा हातात घेऊन धावत आले. आणि मग हसता हसता रडू आलं. असलं काही झालं की जेवताना मी ते तुमच्या दादांना सांगायचं आणि त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवून पोटभर हसायचं, असं आमचं ठरलेलं होतं. आता सांगायचं कोणाला? सुतारकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग अजून एक इंच कापा की."

कापला. आता सबंध रस्ता दिसतो. सव्वीस वर्षं मागे बसून मी तुमच्या दादांच्या शर्टाची पाठ पाहिली, तीही मीच शिवलेली. पुलावर चढताना नदीचं वळण असं समोर येतं, हे मला परवा कळलं.

तर अशी ही काच आता तुमच्या कामाची राहिली नाही. तुम्ही दादांएवढेच उंच, सगळा वारा छातीवर घ्याल. मला फार वाईट वाटतं आहे. मुलांना पापा.

तुमची
वहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात सुतारकाकांनी दाखवलं की काचेच्या पट्टीला खालीही भोकं आहेत. दोन स्क्रू काढले की काच न कापता खाली घेता येते.

ता. क. २. हे मला आधीपासून माहीत होतं. तुमच्या दादांनीच दाखवलं होतं. पण खाली घेतलेली काच तुम्ही रविवारी पुन्हा वर घेतली असती.

ता. क. ३. रविवारी या मात्र नक्की, आणि दोन दिवस राहा. मंगळवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे आणि घरचं कोणी तरी बरोबर असावं असं फार वाटतं. आदल्या दिवशी सरावाला तुम्ही मागे बसायचं. तुम्ही उंच, तुम्हाला माझ्या डोक्यावरून सगळं दिसेल. फक्त "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडू नका. तुमच्या दादांच्या मागे मी सव्वीस वर्षांत एकदाही ओरडले नाही.

(एकदा ओरडले होते. तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, मग तूच चालव.)