रत्नाकरमामांनी मोठ्याने वाचावे

मी, भार्गवी रघुनंदन राव, वय एकोणतीस, राहणार बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीराची खात्री देता येत नाही, पण बुद्धी जागेवर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मराठी मला आजोबांनी घरीच शिकवली, शाळेत कन्नड आणि इंग्रजी होते. भाषा चुकली असेल तर अर्थ बघावा. वकिलांनी इंग्रजीत लिहायला सुचवले होते. पण हे आईला ऐकून समजायला हवे.

एक. उपचारांची बिले भागून बँकेत जे उरेल ते आईला, म्हणजे सौ. वसुमती हिला. विम्याचे पैसेही तिलाच.

दोन. पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद केला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला त्यांचा बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर दिला होता. “तुझ्यासारख्या शंकेखोर मुलीलाच हा शोभतो,” असे ते म्हणाले होते. तो त्यांना परत द्यावा. औषधांनंतर केस पुन्हा आले तेव्हा मी त्याने एक केस मोजला होता. पूर्वीपेक्षा बारीक होता. हे सांगायला त्या वेळी जवळ कोणी नव्हते, म्हणून इथे नोंदवते.

तीन. हेब्बाळच्या भाड्याच्या खोलीतले सामान घरमालकांना विचारून कोणाला तरी द्यावे. ऑफिस जवळ पडते म्हणून मी तिथे राहते, असे नातेवाइकांना सांगितले आहे. खरे कारण असे, की घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माझे डोके बघू नये. माझा विग चांगला आहे. तो आईने इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात दुकाने पालथी घालून आणला, शाळेच्या नाटकाला हवा आहे असे सांगून. तो पुढच्या कलमातल्या संस्थेला द्यावा.

चार. माझा फोटो. कर्करोगाबद्दल जागृती करणाऱ्या एका संस्थेने तो काढला आहे. मागच्या वर्षी लिस्बनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो माणसाहून मोठा करून दारातच उभा केला होता. खाली लिहिले होते, ‘भारतातील एक विजेती’. मी मंचावरून बोलले तेव्हा सगळे सभागृह उठून उभे राहिले. नंतर केनियाहून आलेल्या एका बाईंनी विचारले, “तुमची आई आली नाही?” व्हिसा मिळाला नाही, असे मी म्हणाले. घरच्यांच्या लेखी मी ऑफिसच्या ट्रेनिंगला गेले होते.

आईने परवानगी दिली होती, पण फक्त परदेशापुरती. “तिकडे आपलं कोणी नाही,” ती म्हणाली. “इथे बसस्टँडवर लागला तर आश्लेषाचं लग्न कोण जमवील?” मग देवासमोर माझा हात धरून तिने वचन घेतले, की मी आहे तोवर हे आपल्या लोकांत कोणालाही कळू देणार नाही. ते मी पाळले आहे. साक्षीदारांनाही यातला मजकूर दाखवलेला नाही.

आजार परत आला आहे, त्यामुळे ‘विजेती’ हा शब्द आता खरा नाही. माझ्या पश्चात तो फोटो शिवाजीनगरच्या बसस्टँडवर लावायला मी संस्थेला परवानगी देते. तो शब्द काढावा. तिथे माझे पूर्ण नाव आणि गावाचे नाव लिहावे.

पाच. रत्नाकरमामा आमच्या लोकांतली लग्ने जुळवतात. इथली आमची जुनी मराठी घरे मोजकीच, आणि मामांना सगळ्यांच्या पत्रिका पाठ आहेत. आत्या गेल्या तेव्हा ‘पोटाचं दुखणं’ असे सांगायचे, हे त्यांनीच ठरवून दिले. मागच्या श्रावणात माझ्या नव्याने आलेल्या आखूड केसांकडे बघून पंगतीत म्हणाले, “काय ग, हे केस! आता तुझ्यासाठी मुलगा बघू की मुलगी?” सगळे हसले, मीही हसले. आईने माझ्या पानात स्वल्प जास्त भात वाढला.

मामांना मी वस्तू देत नाही, काम देते. तेराव्याला सगळे जमले असताना त्यांनी हे मृत्युपत्र उभे राहून मोठ्याने वाचावे, हे कलमसुद्धा. मामा, तुमचा आवाज शेवटच्या पानापर्यंत पोचतो. माझा राग नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

सहा. माझे दागिने धाकटी बहीण आश्लेषा हिला. अट घालावी असे एकदा वाटले होते. ती घातलेली नाही.

पण आमच्या घरातला हा आजार रक्तातून येणारा आहे. आत्यांना तोच होता, मला आहे. डॉक्टरांनी आश्लेषाची तपासणी करायला सांगितले आहे. तिला मी बोलले, तेव्हा लगेच तयार होऊन म्हणाली, “सरी, अक्का. पण आईला हो म्हणू दे.” आईला बोलले, तेव्हा ती म्हणाली, “आधी ठरू दे तिचं. त्या हॉस्पिटलात कोणी बघितलं म्हणजे?” तेव्हापासून हेच चालले आहे.

आता मामांनी इथपर्यंत वाचले आहे, म्हणजे सर्वांना कळले आहे. लपवायला काही उरले नाही. तेव्हा आश्लेषाने याच आठवड्यात तपासून घ्यावे. हे वाचले जाण्यापूर्वीच ती जाऊन आली असेल तर हा परिच्छेद रद्द समजावा; तसे झाले तर फार बरे. आई, मी वचन मोडलेले नाही. ते मी असेपर्यंतचे होते.

सात. आश्लेषाबरोबर आईने जावे. रिक्षात थांबू नये, आत जाऊन तिच्याशेजारी बसावे. बरोबर कोण आले आहे, असे नर्स प्रत्येक वेळी विचारतात. आई गाडी लावायला गेली आहे, असे मी सांगत असे.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून बंद पाकिटात वकिलांकडे ठेवत आहे.

(सही) भार्गवी रघुनंदन राव

साक्षीदार, दोघेही माझ्या ऑफिसातले, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. हर्षिता जाधव (सही)
२. यशोवर्धन माने (सही)

ठिकाण: हेब्बाळ, बेंगळुरू
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५