आईच्या कार्डावरचा 'मुलगा' दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : आईच्या डिस्चार्ज कार्डावर माझा उल्लेख 'मुलगा' असा आहे, तो 'मुलगी' असा करून मिळण्याबाबत.
संदर्भ : नोंदणी खिडकीवर तीनदा केलेली तोंडी विनंती.

महोदय,

१) मी रुग्णालयासमोरील चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवते. जन्माच्या वेळी माझी नोंद मुलगा अशी झाली होती. गेली सहा वर्षे सर्व सरकारी कागदांवर मी स्त्री आहे. त्यांच्या प्रती आपल्या नोंदणी लिपिकांनी घेतल्या, वाचल्या, फाइलला लावल्या आणि नोंदवहीत 'नातेवाईक : मुलगा' असे लिहिले. त्यांचा चष्मा मीच बनवला असल्याने वाचण्यात चूक झाली, असे मला म्हणता येत नाही.

२) विचारणा केली असता "जुनी सवय आहे हो, जीभ वळत नाही," असे उत्तर मिळाले. त्यांच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास गेल्या महिन्यात बढती मिळाली. सकाळी 'अरे' असलेले ते गृहस्थ दुपारच्या चहाला 'अहो साहेब' झाले. तेव्हा जिभेस काही त्रास झाल्याचे कोणी पाहिले नाही.

३) आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी संमतीपत्रावर सही करण्यास गेले असता, नोंदीत मुलगा आहे आणि समोर बाई उभी आहे, या कारणावरून मला याच लिपिकांनी अडवले. "मुलाला पाठवा," असे ते मलाच सांगत होते. मला मुलगा ठरवणारेही तेच आणि मी मुलगा दिसत नाही म्हणून थांबवणारेही तेच. यात दीड तास गेला. आई स्ट्रेचरवर पोट धरून पडली होती. अखेर तिनेच मान उचलून सांगितले, "मला एकच लेकरू आहे आणि ती ही. सही ती करेल." डॉक्टरांनी पेन माझ्या हाती दिले. शस्त्रक्रिया नीट झाली.

४) काल कार्ड मिळाले : 'रुग्णास मुलाच्या ताब्यात दिले.' आईने चाळीस वर्षे शाळेत शिकवले आहे. कार्ड परत करून ती म्हणाली, "हे घेऊन मी घरी जाणार नाही." मात्र व्हरांड्यात एक बाळंतीण खाटेची वाट पाहत होती, म्हणून आज सकाळी तिने खाट सोडली.

सध्या ती आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसली आहे. टाके ओले आहेत, पण बसण्यास डॉक्टरांची हरकत नाही. दुरुस्त कार्डावर सही करण्यास आपण बाहेर याल, तेव्हा तिच्यासमोर माझा उल्लेख 'तो' असा होऊ नये, ही विनंती. ती चुकलेला शब्द शंभर वेळा लिहून घेते आणि हुद्दा पाहत नाही.

आपली, अद्यापही नम्र,
(सही)
रुग्णाची मुलगी
दि. १२ ऑगस्ट

सोबत : सरकारी कागदांच्या प्रती (चौथ्यांदा).